पुण्याचें नासासंधान : पोथी आणि हात

नाक, कान व घसा यांचे रोग आयुर्वेदांत शालाक्यतंत्रांत येतात. तुटलेलें नाक नवें करण्याचें कर्म मात्र सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत सांगितलें आहे. पेशवाईच्या उत्तरकाळीं हें कर्म करणारा मनुष्य तें पोथीवरून शिके कीं हातावरून, हें पाहण्यास एक चांगलें साधन आहे.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत एक पत्र छापलें आहे. कावसजी नांवाचा, शेतकरी जातीचा मराठा १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेचे बैल हांकीत असतां टिपूच्या हातीं लागला. टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. वर्षाहून अधिक काळानें पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें त्यास नवें नाक बसविलें. असें कर्म होतांना थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनीं पाहिलें होतें. कावसजीची तसबीर जेम्स वेल्स यानें काढली.

कर्माची रीत अशी. मेणाचा पातळ पत्रा थोटकावर बसवून नाकाचें माप घ्यावयाचें. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, भोंवतीं रेघ ओढून तेवढें कातडें सोडवावयाचें. दोन डोळ्यांमधील चिंचोळी पट्टी मात्र अखंड राखावयाची. तिच्यांतून रक्त वाहतें, म्हणून कातडें जगतें. मग तें पिळून खालीं आणून थोटकाच्या कडेस पाडलेल्या खांचेंत बसवावयाचें. वर ओल्या काथानें माखलेल्या फडक्यांचे पांचसहा थर. चार दिवसांनीं तुपाचीं फडकीं, दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापड, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापावयाची.

सुश्रुताशीं हें ताडून पाहिलें म्हणजे भेद दिसतो. त्याचें माप झाडाच्या पानाचें, कातडें गालाचें. नाकपुड्यांत तो नळ्या घालतो व वर रक्तचंदन, ज्येष्ठमध इत्यादिकांचें चूर्ण टाकतो. तत्त्व एक, साधनें निराळीं. पोथी समोर ठेवून केलेलें हें कर्म नव्हे. तें हातानें हातास दिलेलें आहे.

यामुळें सुश्रुताचा मान उणा होत नाहीं. नवव्या अध्यायांत तो स्वतःच सांगतो कीं, शास्त्र जाणणाराही अभ्यासावांचून कर्मास अयोग्य होय. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर, आणि कान सांधण्याचा सराव मऊ मांसपेशी व कमळाचे देंठ यांवर करावा, असें त्याचें शासन आहे. ओल्या मातीस आकार देणाऱ्या कारागिराचा हात त्या शासनास परका नव्हता.

या पत्रानें प्रेरित होऊन लंडनमध्यें जोसेफ कार्प्यू यानें १८१४ त असें नाक बसविलें व १८१६ त त्यावर ग्रंथ छापला. युरोपांत ही विद्या पुनः रूढ झाली ती येथून. परंतु पत्रांत रोग्याचें नांव आहे, पाहणाऱ्यांचीं आहेत. कर्म करणाऱ्याचें तेवढें नाहीं.

तें शोधावयाचें तर शास्त्रग्रंथांबरोबर वैद्यांच्या घरचीं चोपडींही चाळलीं पाहिजेत. मुंबईहून बोरघाटानें पुण्यास जाणारा जुना प्रवासी पनवेल बंदरीं उतरे. त्याच पनवेलींत १८७२ त धूतपापेश्वर औषधालय निघालें. अशा गांवच्या रुमालांतील काथ-तुपाचे सुटे कागद संग्राहकांनीं रद्दी समजूं नयेत.