तोलुबोम्मलाटातील चामड्याची जनावरे

चामड्याच्या रंगीत बाहुल्यांची सावली पडद्यावर पाडून रामायण-महाभारतातील आख्याने सांगण्याची आंध्र प्रदेशातील परंपरा तेलुगूत तोलुबोम्मलाट या नावाने ओळखली जाते. तोलु म्हणजे चामडे, बोम्म म्हणजे बाहुली आणि आट म्हणजे खेळ. पाल्कुरिकि सोमनाथाच्या तेराव्या शतकातील 'पंडिताराध्य चरित्र' या ग्रंथात अशा खेळाचा उल्लेख येतो, म्हणजे कला पुष्कळ जुनी आहे. मात्र आज ती जोपासणाऱ्या आरे कापू घराण्यांची घरची बोली मराठीचेच एक रूप असून, दक्षिणेतील मराठी सत्तेच्या काळात, विशेषतः १८५५ पर्यंत टिकलेल्या तंजावरच्या राज्याच्या आगेमागे, ही मंडळी दक्षिणेकडे सरकली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. घरात मराठी आणि पडद्यामागे तेलुगू अशी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या या कारागिरांची दखल मराठी कलेतिहासाने फारच थोडी घेतली, ही खेदाची बाब आहे.

बाहुलीसाठी मुख्यतः बोकडाचे कातडे वापरतात. ते गरम पाण्यात भिजवून, केस आणि मांसाचा थर खरवडून, ताणून वाळवले जाते; जोड्यासाठी कमावतात तसे ते कमावत नाहीत, कारण कमावलेल्या चामड्यातून उजेड आरपार जात नाही आणि येथे तर सारी मदार आरपार जाणाऱ्या उजेडावर असते. त्यावर आकृती रेखून कडा कापल्या, की छिन्नीने आणि पोगराने, म्हणजे भोक पाडण्याच्या पोलादी हत्याराने, लहानमोठी छिद्रे पाडतात. देवादिकांच्या अंगावर ही छिद्रे दागिन्यांची नक्षी होतात. जनावरांच्या बाबतीत मात्र त्यांचे काम वेगळे असते. मारीच राक्षसाने रूप घेतलेल्या सुवर्णमृगाच्या पाठीवरचे ठिपके रंगवण्याऐवजी कोरले, तर मागच्या एरंडेल तेलाच्या दिव्याची ज्योत हलताच ते लुकलुकतात, आणि मान वा पाय वेगळे कापून दोऱ्याच्या गाठीने जोडलेले असल्यास मधोमध बांधलेली बांबूची कामटी किंचित फिरवताच हरीण दचकल्यासारखे दिसते. देवतांचे मुखवटे, मुकुट आणि रंग रूढीने ठरलेले असल्याने तेथे कारागिराला फारसा वाव नसतो. त्याच्या निरीक्षणाची खरी पारख हरणाच्या, घोड्याच्या किंवा माकडाच्या आकृतीतच होते, असे म्हणावे लागते.

रंग दोन्ही बाजूंनी भरतात, म्हणजे सावलीतही ते गडद उतरतात, आणि शेवटी काळ्या रेषेने आकृती बांधून घेतात. पूर्वी वनस्पतिजन्य असलेल्या रंगांची जागा आता तयार रासायनिक रंगांनी घेतली आहे. केरळातील तोलपावकूत्तु आणि ओडिशातील रावणछाया या परंपरांत बाहुल्यांची सावली काळी पडते, त्यामुळे तेथील जनावर केवळ बाह्यरेषेवर आणि छिद्रांवर उभे राहते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजानेही चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला असून, त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आंध्रातील निम्मलकुंटा या गावच्या दळवाई चलपति राव यांना हाच सन्मान २०२० मध्ये लाभला. त्या गावातील अनेक घरांत आज बाहुल्यांपेक्षा चामड्याच्या दिवाछत्र्या अधिक बनतात, ज्यांवर मोर आणि हरणे त्याच कौशल्याने कोरलेली व रंगवलेली असतात. मात्र आतला विजेचा दिवा स्थिर असतो, हरणाला मान वळवायची नसते, आणि म्हणून दोऱ्याची ती गाठ आता मारली जात नाही.