७. ‘पहिल्या दिवसाची वर्गणी’
प्रेषित पौलाने इ.स. ५५ च्या सुमारास इफिसहून करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील (१६:१-४), यरुशलेमच्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठीचा निधी. ‘पहिला दिवस’ म्हणजे रविवार. शुभवर्तमानांप्रमाणे येशूच्या पुनरुत्थानाचा वार. ही टीप ज्या मजकुरावर आहे त्याचा लेखक या वर्गणीला ‘ईस्टरचे फळ’ म्हणतो, ते ओढूनताणून आणलेले वाटेल. कारण पुनरुत्थानाचे विवेचन पंधराव्या अध्यायात संपते आणि सोळाव्यात नवाच विषय निघतो. पण अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली. मूळ पत्र सलग आहे. पंधरावा अध्याय संपतो तो प्रभूच्या कामातले श्रम वाया जात नाहीत या आश्वासनावर, आणि त्याला लागूनच पैसे बाजूला काढण्याची सूचना येते. पौल तिथे विषय बदलतो, हे खरेच. तरीही देह पुन्हा उठणार असेल तर देहाची भूक क्षुल्लक कशी मानायची, हा लेखकाने धरलेला धागा पटण्याजोगा आहे (करिंथमधल्या काहींचा आक्षेप नेमका मेलेल्यांच्या उठण्यालाच होता). रक्कम मात्र पौल ठरवून देत नाही. ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे आठवड्याला काही साठवावे, एवढेच सांगतो. — संपा.