वसईचा ख्रिस्ती धर्मग्राम : सत्तांतर, लोकभाषा आणि स्थानिक समाज

प्रास्ताविक

उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा पोर्तुगीज सत्तेच्या इतिहासाचे एक उपप्रकरण म्हणून लिहिला जातो. सत्ता आली, धर्मांतरे झाली, सत्ता गेली, असा या मांडणीचा क्रम असतो. सत्ता गेल्यानंतरही धर्मग्राम कसा टिकला, हा प्रश्न त्यात सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात वसईच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

धर्मग्रामाची उभारणी

२३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ उभे राहिले. या काळातील धर्मप्रसारात प्रलोभन आणि सक्ती यांचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. तथापि, याच भूमीत जन्मलेला, पोर्तुगीज पिता व कोकणी माता यांचा पुत्र गोन्सालो गार्सिया हा ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये त्याला संतपद देण्यात आले. स्थानिक समाजाला आपला म्हणावा असा संत त्यामुळे लाभला.

इ. स. १७३९ चे सत्तांतर

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणाला संरक्षण देण्यात आले. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक व युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि किल्ल्यातील चर्च ओस पडली. तेथील घंटा भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकर मंदिर अशा ठिकाणी गेल्या. मात्र वाड्यांतील बागायतदार, शेतकरी आणि कोळी यांचे जीवन जमिनीशी व समुद्राशी बांधलेले असल्याने ते येथेच राहिले. धार्मिक सेवेची धुरा प्रामुख्याने गोव्याकडील एतद्देशीय धर्मगुरूंकडे आली. परिणामी धर्मग्रामाचे केंद्र किल्ल्यातून गावाकडे सरकले. पुढे १८१८ पर्यंतच्या काळात, काही वर्षांचा इंग्रज अंमल वगळता, हा समाज मराठी राज्याची रयत म्हणून नांदला. ज्या सत्तेने धर्मग्राम निर्माण केला, तिच्या पाठबळाशिवाय तो टिकला, ही बाब येथे निर्णायक ठरते.

लोकभाषेचे सातत्य

आडनावे पोर्तुगीज झाली, उपासनेची भाषा लॅटिन राहिली. परंतु घरातील भाषा बदलली नाही. सामवेदी किंवा कादोडी बोली आजही सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती या दोन्ही समाजांत बोलली जाते. धर्म वेगळा झाला तरी बोली सामाईक राहिली, याचा हा जिवंत पुरावा होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेला मान्यता दिल्यानंतर मराठी मिस्सा रूढ झाली. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे या दीर्घ प्रक्रियेचेच फलित मानावे लागेल.

प्रशासनाच्या पातळीवर पोर्तुगीज राजाश्रयाचा ‘पाद्रोआदो’ आणि रोमची ‘प्रोपागांडा’ यांच्यातील दुहेरी अधिकाराचा वाद मुंबई परिसरात १९२८ च्या कराराने मिटला. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला.

नोंदवह्यांचा प्रश्न

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. धर्मग्रामांच्या नोंदवह्यांतून जन्म, विवाह, मृत्यू, साथीचे रोग, स्थलांतर आणि नात्यांचे जाळे यांचा अभ्यास करता येतो. सामान्य शेतकरी कुटुंबाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या नोंदविणारी साधने आपल्याकडे फार थोडी आहेत. मात्र समुद्राकाठची दमट हवा, वाळवी आणि जीर्ण होणारा कागद यांपुढे अशी साधने फार काळ तग धरत नाहीत. नागरीकरणामुळे जुन्या वाड्याही वेगाने बदलत आहेत.

निष्कर्ष

वसईचा धर्मग्राम ही केवळ परकीय सत्तेची खूण नसून जमीन, बोली आणि श्रद्धा यांच्या आधारे टिकलेली स्थानिक संस्था आहे. तिचा इतिहास लिहावयाचा तर लिस्बन व गोवा येथील दप्तरांइतकेच गावातील नोंदवह्यांकडे वळावे लागेल. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी, धर्मग्रामांच्या अनुमतीने आणि व्यक्तींच्या खासगीपणाचा मान राखून, या नोंदींच्या अंकीय प्रती तयार करण्याचे काम हाती घ्यावे. कागद नष्ट झाल्यावर हे काम कोणालाही करता येणार नाही.