कोंबडी दिवेलागणीला झाडावर का चढते?



गेल्या वर्षी पावसाळ्याआधी परसात नवीन खुराडं बांधलं. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रा, पुढे जाळीचं दार. पण दिवेलागण झाली की अकराच्या अकरा गावरान कोंबड्या अंगणातल्या शेवग्यावर. काठीने हुसकायचं, एकेक धरून आत कोंबायचं, हे रोजचंच झालं. एके रात्री कंटाळलो आणि राहू दिल्या वरच. सकाळी झाडाखाली पिसांचा सडा. रानमांजराने तीन नेल्या, त्यात नुकतीच अंड्यावर आलेली तलंग पण गेली. मी कोंबड्यांनाच शिव्या घातल्या.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, चूक माझी होती.

आपल्या कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. दिवसभर जमीन उकरायची आणि अंधार पडायच्या आत फांदीवर जायचं, ही त्याची रीत. अंधारात या जातीला नीट दिसत नाही, त्यामुळे उंची हाच आसरा. थायलंडमध्ये बान नॉन वाट इथे सापडलेली हाडं पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं मानली जातात, काळ इ.स.पू. १६५० ते १२५०. २०२२ साली हे संशोधन आलं. संशोधकांचं म्हणणं असं की, माणूस कोरडवाहू भात आणि भरडधान्य पिकवायला लागला आणि त्या दाण्याच्या ओढीने रानकोंबडा शेताजवळ आला. म्हणजे कोंबडी दाण्यासाठी खाली उतरली, झोपेसाठी नाही. झोपायची सवय तिने रानातलीच ठेवली.

यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे बरं का. डार्विनने १८६८ च्या ग्रंथात एकटा तांबडा रानकोंबडाच पूर्वज धरला होता. २००८ साली जनुकं तपासल्यावर दिसलं की पिवळ्या पायांचा गुण करड्या रानकोंबड्याकडून आलाय. आपल्या घाटात पहाटे ओरडतो तोच हा. रात्री तोही झाडावरच असतो.

रोमन लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. कोलुमेला नावाचा जमीनदार शेतकरी साधारण दोन हजार वर्षांपूर्वी शेतीवर बारा खंड लिहून गेला, त्यातला आठवा कोंबड्या-पाखरांवर. तो सांगतो, कोंबड्यांना बसायला आडव्या दांड्या द्या, गुळगुळीत गोल नको, जरा तासून चौकोनी करा. सपाट जमिनीवर ठेवल्या तर विष्ठा पायाला चिकटून पाय सुजतात. हे वाचलं आणि माझा सिमेंटचा कोबा डोळ्यासमोर आला! तो पुढे म्हणतो, खुराडं चुलीजवळ असावं, धूर कोंबडीला मानवतो. आमची आजी चुलीमागच्या कोपऱ्यातच डालगं ठेवायची. तिने कोलुमेला कुठून वाचणार?

मग विसाव्या शतकात तारेचे पिंजरे आले. अंडी वाढली, पण बसायची दांडी गेली. शेवटी युरोपने १९९९ साली कायदा करून दर कोंबडीमागे किमान १५ सेंमी दांडी ठरवली आणि जुने पिंजरे २०१२ पासून बंद केले.

आता मी काय केलं ते सांगतो. उरलेल्या आठ कोंबड्यांना १२० सेंमी, म्हणजे चार फूट दांडी लागते. मी बाभळीचे पाच-पाच फुटांचे दोन दांडके कडा घासून बसवले, दोन्ही एकाच उंचीवर. वर-खाली लावले की वरच्या जागेसाठी मारामारी होते आणि खालच्यांच्या अंगावर घाण पडते. कोब्यावर भाताचं तूस पसरलं. पहिला आठवडा उचलूनच ठेवाव्या लागल्या, मग आपापल्या जायला लागल्या. गिरिराजसारखी जड जात असेल तर दांडी दीड फुटाच्या वर नको, उतरताना छातीच्या हाडाला मार बसतो. आणि महिन्यातून एकदा रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटी बघा. रक्त पिणारी बारीक लाल कीड दिवसा तिथेच लपते.

आठातली एक म्हातारी अजून शेवग्याकडे बघते. दार लावायच्या आधी मी तिला मोजून घेतो.