वर्ध्यावरून न गेलेलं काँकॉर्ड

आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानात एकदा तरी बसायचं, हे शाळेतलं स्वप्न माझं एकट्याचं नक्कीच नव्हतं. पण काँकॉर्डचं शेवटचं प्रवासी उड्डाण २४ ऑक्टोबर २००३ ला झालं आणि आमची पिढी हुकली. गंमत म्हणजे मंडळी, हे स्वप्न एके काळी चक्क आपल्या एअर इंडियालाही पडलं होतं!

१९६० च्या दशकात एअर इंडियाने दोन काँकॉर्डसाठी आगाऊ नोंदणी केली होती. जून १९७२ मध्ये ००२ क्रमांकाचं काँकॉर्ड पूर्वेच्या प्रात्यक्षिक दौऱ्यात मुंबईला उतरलंसुद्धा. मग गणित फिसकटलं. जानेवारी १९७३ मध्ये पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूएने माघार घेतली, त्याच वर्षी तेल भडकलं. आपली दोन विमानं कागदावरच राहिली.

आता यात वर्ध्याचा काय संबंध? नकाशावर मुंबई ते कोलकाता पट्टी ठेवून रेघ मारा. ती वर्धा जिल्ह्यावरून, हिंगणघाटच्या आसपासून जाते. अंतर साधारण १६५० किमी, काँकॉर्डचा वेग ताशी २१८० किमी. नुसता भागाकार केला तर पाऊण तास! खालून जाणाऱ्या हावडा मेलला याच प्रवासाला एक दिवसाहून जास्त लागतो.

पण मेख इथेच आहे. विमान आवाजाच्या पुढे गेलं की हवेतल्या दाबाच्या लाटा एकमेकींवर चढतात आणि खाली धडाम-धडाम असा दुहेरी दणका बसतो. बऱ्याच जणांना वाटतं, वेग ओलांडताना एकदाच आवाज होतो. तसं नाही. विमान तो दणका सगळ्या वाटेवर आपल्यामागे ओढत नेतं, तोही कित्येक किलोमीटर रुंद पट्ट्यात. म्हणजे वर शंभर प्रवासी, आणि खाली सेवाग्रामच्या दवाखान्यातले पेशंट, कापूस वेचणाऱ्या बाया, झोपलेली पोरं. तिकीट वरच्यांचं, दणका खालच्यांना.

भारताने आपल्या हवाई हद्दीत त्या वेगाला परवानगी दिली नाही. लंडन-बहारीन-सिंगापूर ही काँकॉर्ड सेवा १९८० मध्ये बंद पडली, त्याचं हे एक कारण. स्वप्नाळू पोराला हा नकार कद्रूपणाचा वाटेल. मला तो आता बरोबर वाटतो.

विषय मात्र संपलेला नाही. २८ जानेवारी २०२५ ला एक्सबी-१ या छोट्या अमेरिकन विमानाने आवाजाचा वेग ओलांडला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नासाचं एक्स-५९ उडालं. आता खरी स्पर्धा वेगाची नाही, दणका कमी करण्याची आहे. ते जमलं तर हिंगणघाटवरून खुशाल जा!

तोवर, ज्यांना काँकॉर्डमध्ये पाऊल ठेवायचंच आहे त्यांच्यासाठी एक पत्ता: इंग्लंडमधलं येओव्हिल्टनचं विमान संग्रहालय. तिथे ००२ उभं आहे. हो, मुंबईला आलेलं तेच.