नांगराच्या निशाणीपासून डिजिटल सहीपर्यंत

गाय विकली तर तिचे दावे घेणाऱ्याच्या हाती देता येते. दागिना विकला तर तो पुरचुंडीत बांधून देता येतो. पण जमीन विकली तर काय द्यायचे? ती आहे तिथेच राहते. बदलते ते फक्त तिच्यावरचे नाव. म्हणून जमिनीच्या मालकीचा इतिहास हा खरे पाहता नावाचा आणि ते नाव कोण लिहितो याचा इतिहास आहे.

शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा निघाला की गोत जमे. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला बसत आणि निवाड्याचा महजर होई. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर त्यातलाच. या कागदामागे साऱ्या गावाची आठवण उभी असे. गाव खरे बोलले तर न्याय होई, पण गावच एका बाजूला झुकले तर दाद मागायची कुठे?

इंग्रजी अमलात मोजणीची साखळी आली. पुणे भागात प्रिंगल साहेबाने १८२० नंतरच्या दशकात केलेली आकारणी इतकी जड झाली की पुष्कळ कुळे शेते टाकून निघून गेली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून काम नव्याने सुरू केले. शेताला नंबर, बांधाला खूण आणि तीस वर्षे न बदलणारा आकार, ही त्यांची रीत. आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो त्याचे मूळ इथे आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सारे मुख्यतः सारा वसूल करण्यासाठी होते. सरकारचा प्रश्न 'पैसे कोण भरणार?' हा होता, 'मालक कोण?' हा नव्हे. हक्कांची वेगळी नोंद मुंबई इलाख्यात कायद्याने आली ती १९०३ साली.

याच्या कितीतरी आधी, १८५८ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स नावाच्या गृहस्थाने निराळाच मार्ग काढला होता. पूर्वी ते जकात खात्यात होते. जहाजाची मालकी जशी नोंदवहीवरून ठरते तशीच जमिनीचीही ठरावी, असा त्यांचा विचार. वहीत ज्याचे नाव तो मालक आणि त्याची हमी सरकारची! जुन्या कागदांची चळत उपसणे नको.

आपल्याकडे तसे नाही. १९०८ चा नोंदणी अधिनियम दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. सातबाऱ्याचेही तेच. गाव नमुना सातमध्ये हक्क आणि बारामध्ये पिके, म्हणून तो सातबारा. १९६६ च्या महसूल अधिनियमानुसार त्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. 'उलट सिद्ध होईपर्यंत' या तीन शब्दांत किती दिवाणी दावे सामावले आहेत म्हणता!

आता यंत्राकडे येऊ. २००२ च्या सुमारास महाराष्ट्रातील दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत संगणक आले. पुढे ई-फेरफार आला. दस्त नोंदला की त्याची वर्दी संगणकावरूनच तलाठ्याकडे जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. एका उताऱ्यासाठी चावडीवर घातलेले हेलपाटे ज्यांना आठवतात, त्यांना याचे मोल सांगायला नको.

पण यंत्राचा एक गुण फार घातक आहे. ते प्रामाणिक आहे! वहीत जे होते तेच ते पडद्यावर दाखवते. वडील वारले, भावांची नावे लागली आणि 'ती काय, सासरी सुखी आहे' म्हणून बहिणीचे नाव राहून गेले, तर संगणकावरही ते राहिलेलेच असणार. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला वडिलांची वारस केले आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. कायद्याने दिले ते वहीत उतरले नाही, तर सही शाईची की डिजिटल, याने तिला काय फरक पडतो?

म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. आपला उतारा काढा आणि तो नुसता कपाटात ठेवू नका, वाचा. क्षेत्र जुळते का, बोजा फिटला असून तसाच आहे का, कोणाचे नाव गळले आहे का, हे पाहा. लेखनातली चूक असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वारसाची नोंद राहिली असेल तर ती मागता येते. नांगराची निशाणी काढणारा कुणबी निदान आपण कशाला साक्ष देतो आहोत हे जाणत होता. आपल्याला तर वाचता येते.