गिटारचा गुरू

आमच्या माजघरातील खुंटीवर दोन वर्षे एक गिटार लटकत होती. गिटार चिरंजीवांची, पण तिच्यावर साचलेली धूळ मात्र माझी. कारण शिक्षक मी निवडला होता. मी पडलो शाळामास्तर. स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या प्रमाणपत्रांबद्दल मला भारी आदर! एका वर्गाच्या भिंतीवर चौकटीतली सात प्रमाणपत्रे पाहिली, फी भरली आणि निर्धास्त झालो. पाचव्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आप्पा, मला नाही जायचं तिकडे." मी त्याला आळशी म्हटले. तो शब्द अजून सलतो.

यंदा दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी पुस्तके मांडली, तेव्हा त्याने मुकाट्याने गिटार आणून त्यांच्याशेजारी ठेवली. म्हणाला, "मला परत शिकायचंय. पण या खेपेला मास्तर तुम्ही नका ठरवू."

मी शाळेत इतिहास शिकवतो. अडचण आली की मागे वळून पाहायचे, ही जुनी खोड. गिटारसाठी गुरू कोणी नीट शोधला होता, असे मनाशी विचारले आणि जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांची आठवण झाली.

काबरांचा जन्म 1937चा. त्यांची गिटार छातीशी धरून वाजवायची नव्हे, तर आडवी ठेवून वाजवायची, हवाई बेटांच्या पद्धतीची. एकोणिसाव्या शतकात गिटार त्या बेटांवर पोचली. तिथल्या लोकांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवायला सुरुवात केली. जोसेफ केकुकू हे नाव या युक्तीशी जोडले जाते. पुढे 1940च्या दशकात ताऊ मो हे वादक सहकुटुंब कलकत्त्यात राहिले आणि बंगालात या वाद्याने चांगले मूळ धरले. त्यावर गाण्यांच्या चाली वाजू लागल्या. पण काबरांना हवा होता राग. आलाप, जोड, झाला, सगळे काही. त्यासाठी गिटारची घडलेली वाट नव्हती.

मग ते गेले कोणाकडे? उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे. खाँसाहेब एके काळी जोधपूरचे दरबारी वादक. काबरांचे बंधू दामोदरलाल त्यांच्याकडेच सरोद शिकत. म्हणजे गिटारचा गुरू कोण, तर सरोदिया!

वरवर हे विचित्र वाटते; पण सरोदाकडे जरा निरखून पाहा. त्याला पडदे नसतात. गुळगुळीत धातूच्या पट्टीवर तार दाबून नख सरकवायचे आणि मींड काढायची. हवाई गिटारवरची पोलादी कांडीही पडद्यांना न जुमानता अशीच घसरते. वाद्यांचे चेहरे वेगळे, पण स्वरापासून स्वरापर्यंतचा प्रवास एकच. काबरांनी गिटारला चिकारीची तार जोडली आणि त्या वाद्याला रागसंगीताच्या बैठकीत आणून बसवले.

या घराण्याची चालच अशी. अली अकबरांचे वडील बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहरला मुलाला सरोद शिकवली, मुलगी अन्नपूर्णादेवींना सुरबहार, रविशंकरांना सतार; पन्नालाल घोषांसारखा बासरीवालाही त्यांचा शिष्य. पुढे आपल्या मुंबईत हरिप्रसाद चौरसिया बासरी घेऊन अन्नपूर्णादेवींपुढेच बसले.

फळही पाहा. 1967 साली शिवकुमार शर्मांचे संतूर, चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत एकत्र आली. तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर होते. एका धनगराचा दिवस रागांतून सांगणारी ती तबकडी कितीतरी घरांत वाजली. काबरा 2018 साली गेले; त्यांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी ती वाट पुढे नेली.

म्हणून गिटार शिकायला सरोदियाचेच दार ठोठवावे, असे मात्र नव्हे. ज्याला पाश्चात्य पद्धतीचे स्वरमेळ वाजवायचे, त्याला ते हातात असलेलाच शिक्षक हवा. काबरांनी आधी ओळखले ते आपल्याला काय हवे आहे. गुरू त्यानंतर शोधला. मी उलटे केले होते. आधी भिंत पाहिली, मुलाला मात्र विचारलेच नाही.

तेव्हा उशिराने का होईना, विचारले, "बाळा, तुला वाजवायचंय तरी काय?"

"आजी पहाटे भूपाळी म्हणायची ना, ती. तिकडे एकदा वाजवून पाहिली, तर सर म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही."

मी गप्प झालो. हेच वाक्य गेली वीस वर्षे मी वर्गात किती मुलांना ऐकवले असेल!

आता पाडव्यानंतर आम्ही दोघे तीन ठिकाणी जाणार आहोत. त्यांतले एक गृहस्थ तर सतार वाजवतात. चिरंजीव प्रत्येकापुढे भूपाळी वाजवणार आहेत. जो मध्ये न थांबवता ती शेवटपर्यंत ऐकेल आणि मग काय चुकले ते सांगेल, तो गुरू. मी बाहेर चपलांपाशी बसेन. निवड मुलगा करील.

गिटारवरची धूळ मात्र मीच पुसली आहे.